म्हशीच्या घशात काय होतं

२४ नोव्हेंबर, सोमवार

उजवा हात कोपरापर्यंत ठणकतोय. ठणकणारच! आज तो केरबामामांच्या सुंद्रीच्या घशात जाऊन आला आहे.

झालं असं. सकाळी दुकान उघडून पाच एचपीची मोटर वाइंडिंगला घेतली होती. निम्मी कॉइल भरली असेल, तेवढ्यात बायडाबाई – मामांच्या घरच्या – पळत आल्या. पायात चप्पल नाही. "मेस्त्री, चला की लवकर! म्हस गुदमराय लागलीया. घशात काय तरी अडकलंय!"

मी जनावरांचा डॉक्टर नाही. मोटर-पंपाचा माणूस. पण आमच्या बावड्यात कुणाचं काही अडकलं – नळ, कुलूप, बोअरची मोटर, एकदा तर मिक्सरमध्ये गेलेली अंगठी – की माझंच दार वाजतं. दहावीला शाळा सुटली. वाइंडिंग कुणी शिकवलं नाही. जळक्या मोटरी उलगडायच्या, वेढे मोजायचे, परत भरायचे, असं शिकलो. आज मोटर उघडायच्या आधी नुसत्या आवाजावर फॉल्ट सांगतो. उद्यमनगरातले डिप्लोमावालेसुद्धा फोन करून विचारतात.

सुंद्री मान ताणून उभी होती. तोंडातून लाळेच्या तारा. ओरडत होती, पण आवाज बसलेला, घोगरा – सभेत ओरडून आलेल्या माणसासारखा. चाऱ्याला तोंड लावत नव्हती. ऊसतोड सुरू झाल्यापासून सगळ्या गोठ्यांतून वाडं – उसाचे हिरवे शेंडे – पडलंय. शेंड्याबरोबर एखादं उसाचं कांडकं येतं नि नरड्यात बसतं. मी एका नजरेत सांगितलं – चोक!

मामा सत्तरीचे, पण मनगटं अजून तालमीतली. त्यांनी कासरा आवळून जबडा फाकवला. मी बाही वर केली, दाढा चुकवल्या नि हात घातला. आत गरम. जीभ म्हणजे कानस!

काय लागलं? वहीत खरं लिहायचं तर कांडकं असं काही लागलं नाही. काहीतरी मऊ सरकल्यासारखं झालं. हात काढला, सुंद्रीनं एकदा मान झटकली, नि बायडाबाई ओरडल्या, "निघालं!" मग मीही म्हटलं, "सरकलं खाली."

चहा झाला. वर बशीभर फरसाण. संध्याकाळी कट्ट्यावर माझंच नाव.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सुंद्री बरी नाही. खुंट्यावर डोकं आपटते. पाणी ठेवलं तर तोंड बुडवते, पण गिळता येत नाही, पाणी नाकातून परत.

मामांनी शेवटी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. ते आले नि गोठ्याच्या दारातच थांबले. आत येईनात! हातमोजे चढवले नि लांबूनच विचारलं, "हिला कुत्रं चावलं होतं का?"

मामा म्हणाले, न्हाय. बायडाबाई म्हणाल्या, व्हय. दसऱ्याच्या आधी एक लाळ गळणारं कुत्रं गोठ्यात शिरलं नि सुंद्रीची नाकपुडी फाडून गेलं. "मी तवाच ह्यांस्नी म्हटलोतो, डॉक्टर बोलवा."

"हळद लावली की मी!" मामा म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "रेबीजचा संशय आहे. आता कुणी जवळ जायचं नाही. ज्यांनी तोंडाला, लाळेला हात लावलाय त्यांनी आजच दवाखाना गाठायचा."

मी पुढं झालो. "अहो डॉक्टर, चोक होता. मी स्वतः काढलाय."

"काय काढलंत? दाखवा."

आता घशातून काढलेली वस्तू मी काय खिशात घालून हिंडतो? उद्धट माणूस.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सुंद्री गेली. डॉक्टरांनी नमुना घेतला, तो पुण्याला जाणार. जेसीबीनं खड्डा काढून, चुना टाकून पुरली. बाकीच्या दोन म्हशींना लस टोचली. मामा टोपी मांडीवर ठेवून कट्ट्यावर बसून होते.

मामांचा कट्टा म्हणजे कोपऱ्यावरचा दगडी ओटा. समोर म्हशी बांधायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची, नि गिऱ्हाइकानं फेसासकट ग्लास जाग्यावर रिकामा करायचा. तापवलेलं दूध मागणारा माणूस मामांच्या लेखी आजारी. त्यामुळं सुंद्री गेल्याबरोबर गल्लीत एकच कालवा – आम्ही तिचं दूध पिलोय! रिक्षा भरल्या. निम्मी गल्ली सरकारी दवाखान्यात!

मी जाणार नव्हतो. पूर्णिमा दारात पिशवी घेऊन उभी.

"मला काय झालंय?"

"काही झालं नसलं तर परत घेऊन येईन."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हिच्याशी वाद घालून मी एकदाही जिंकलेलो नाही.

डॉक्टरीणबाई म्हणजे एक पोरगी! डॉक्टर सुष्मिता. माझ्या भाचीच्या वयाची, गडहिंग्लजकडची असणार, वाक्याला 'री' लावते. पण एवढ्या कालव्यात तिनं एकदाही आवाज चढवला नाही. रांगेकडं बघून विचारलं, "दूध उकळून पिलेले कोण?" अर्ध्यावर हात वर. "तुम्ही घरी जावा री. चहात घातलेलं? तुम्हीपण जावा." काहीजण तर नाराज झाले, रिक्षाचं भाडं फुकट गेलं म्हणून! कच्चं पिलेल्यांना बाजूला घेतलं. दुधातून होण्याचा धोका नसल्यात जमा, म्हणाली. तरी बॅटरी लावून एकेकाची तोंडं तपासली. तोंडात फोड आलेले दोघे सापडले, त्यांना लस.

मग म्हणाली, "आता मला सांगा, म्हशीच्या तोंडात हात कुणी घातला?"

सगळी गल्ली वळून माझ्याकडं बघायला लागली. एरवी मला बरं वाटलं असतं.

तिनं माझा हात उताणा केला. बोटं बघितली. "हे कशानं कापलंय?"

"तांब्याची तार. धंद्यातलं आहे. रोजचंच."

"म्हस बघायला गेलात तेव्हा होतं?"

"त्याच सकाळी मोटर भरत होतो."

तोपर्यंत ती हसून बोलत होती. तिथनं पुढं नाही हसली. म्हणाली, "ही तिसरी कॅटेगरी, काका, सगळ्यात धोक्याची. नुसती लस चालायची नाही."

आधी हात धुवायला लावला. वाहत्या नळाखाली, साबण लावून. मी म्हटलं, दोन दिवसांत दहादा धुतलाय. "आता अकराव्यांदा." आणि स्वतः शेजारी उभी राहिली! मी नळ बंद करायला गेलो की, "अजून." साबणाची वडी निम्मी झाली असेल. मग सिरम – लस अंगात काम करेपर्यंत रोगाला थोपवणारं औषध. ते दंडात देत नाहीत – जिथं चीर आहे तिथंच, बोटाच्या कातडीत सुई घालून भरतात. एकेका चिरेत. बोटात जागा ती कितीशी? टम्म! तोंडातून आवाज काढला नाही, एवढं लिहून ठेवतो. बाहेर बसलेली पूर्णिमा म्हणते आवाज आला. दुसऱ्या कुणाचा असेल.

मग दोन्ही दंडांवर लस, कातडीत, मसुरीएवढा फुगा. स्वप्नाली सिस्टरचा हात चांगला आहे. कुपी उघडली की तिच्यावर वेळ लिहिते, थंड डब्यातून एकच बाहेर काढते, झाकण लगेच लावते. अशी माणसं मला आवडतात. मात्र लसीचा फ्रिज गुरगुरत होता. मी म्हटलं, "सिस्टर, कॉम्प्रेसर जाणार हा. बेअरिंगचा आवाज आहे." ती म्हणाली, "काका, हात हलवू नका."

निघताना डॉक्टरला म्हटलं, रिपोर्ट आल्यावर बघितलं असतं की, एवढी घाई कशाला?

"रिपोर्टची वाट बघत थांबलेलं एक माणूस मी बघितलंय, काका. एकदा पाण्याची भीती सुरू झाली की आमच्याकडं द्यायला काही नसतं. खोलीत अंधार करतो आणि शेजारी बसतो. त्याच्या आधी मात्र सगळं असतं." मग, "तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?"

केरबामामा, म्हटलं. जबडा त्यांनी धरला होता.

"त्यांच्या हाताला काही?"

कासरा ओढून तळवे सोललेत.

"मग ते कुठं आहेत?"

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कट्ट्यावर माझ्या बोटांच्या पट्ट्या बघून माणसं गोळा. मेस्त्री, काय म्हणाले? भ्यायचं काय?

मी स्पष्ट सांगितलं – सुया पूर्णिमाच्या समाधानासाठी. म्हस चोकनंच गेली. आधी कांडकं अडकलं, त्यानं नरडं सुजलं, पुढचं सगळं त्यामुळं. हात मी घातलाय, डॉक्टरनं नाही!

सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. एकानं लगेच ग्लास पुढं केला. मामा धार काढत होते, मान वर केली नाही. फक्त, "मेस्त्री म्हणत्यात म्हंजे तसंच," म्हणाले.

मामा, तुमच्या दवाखान्याचं काय, असं मी म्हटल्यावर, "बघू की."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बोटं भाजलेल्या वांग्यासारखी. डाव्या हातानं वेढे भरले. दोन चुकले, उलगडले, परत भरले. गिऱ्हाइकाला कळलं नसतं. मला कळलं असतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दुसरी लस. पूर्णिमा न येता गेलो.

फ्रिजची गुरगुर चालूच. स्वप्नाली सिस्टरना म्हटलं, कंपनीचा माणूस येईपर्यंत मी नुसतं कान लावून बघतो. त्या हसल्या नि उठून पंख्याचं बटण बंद केलं.

गुरगुर थांबली.

फ्रिज शांत. आवाज डोक्यावरच्या पंख्याचा होता! पंख्याचा! वर्षाला शंभरावर पंखे माझ्या हाताखालनं जातात. फ्रिजवर नजर होती म्हणून कान फ्रिजकडनं ऐकत होता, दुसरं काय.

पुढचं मात्र हसण्यासारखं नाही. सिस्टर परवा केरबामामांच्या घरी जाऊन आल्या म्हणे, खास त्यांना आणायला. मामांनी चहा पाजला, चार गोष्टी सांगितल्या नि वाटेला लावलं. मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, मेस्त्रींनी सांगितलंय चोक होता. मग मी सुई कशाला घेऊ?"

तेवढ्यात डॉक्टर सुष्मिता आत आल्या. त्यांनीही ऐकलं. रागावल्या नाहीत. माझ्या बोटाची पट्टी सोडून बघता बघता म्हणाल्या, "काका, त्यांच्या तळव्याची कातडी गेलीय. लाळ लागलीय. माझं ते ऐकत नाहीत, सिस्टरचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात ना री?"

ऐकतात की. तीच तर पंचाईत.

३० नोव्हेंबर, रविवार

गेलो. मामा गोठा झाडत होते.

"मामा, म्हटलं, एक सुई घेऊन टाकावी. सहज. काही तोटा नाही."

"चोक हुता न्हवं?"

"होता हो. तरी आपलं."

"तुमी काढलासा न्हवं?"

"…काढला."

"मग झालं की!" नि पुन्हा झाडू.

बायडाबाई दारातून बघत होत्या. बघतच राहिल्या. मी चहा न घेता निघालो. घरी आलो तर पूर्णिमा म्हणाली, "आलात काय सांगून? का आलात नुसतं जाऊन?"

या बाईला कळतं कसं?

दिवसभर एकच. मोटरीत हात असताना, जेवताना, टीव्हीसमोर. बोटांना आठवतंय. घसा मोकळा होता. गरम, ओला, मोकळा. जे मऊ सरकलं ते म्हशीचं स्वतःचंच नरडं, गिळायला धडपडणारं. कांडकं असतं तर माझ्या बोटांना कळलं नसतं होय? केसाएवढ्या तारेचा तुटका जोड ज्यांना अंधारात सापडतो, त्या बोटांना?

पंख्याचं आणि ह्याचं एकच. मी उसाच्या वाड्याकडं बघत गेलो नि वाडंच सापडलं.

१ डिसेंबर, सोमवार

लिहितो, सगळं क्रमानं.

सकाळची धार. कट्टा भरलेला. मामा बादली घेऊन बसलेले. मी ओट्याजवळ उभा राहिलो. मग मोठ्यानं म्हटलं, "मामा, सुंद्रीच्या घशात काही नव्हतं."

धार थांबली.

"काय म्हणालासा?"

"काही नव्हतं. मी काही काढलं नाही. हात रिकामा गेला नि रिकामा आला. चोक म्हणालो ते अंदाजानं, नि मग तेच लावून धरलं."

मग मागनं एकजण, "मग मेस्त्री, फरसाण कशाचं खाल्लासा?" – हशा! खदाखदा. हसू देत. मी खाली बघितलं नाही. मामांकडंच बघत होतो.

मामा हसले नाहीत. बादली बाजूला ठेवली, धोतराला हात पुसले. "मला म्हाईत हुतं," म्हणाले.

"काय?"

"जबडा कुणी धरला हुता? म्याच की! तुमचा हात भाईर आला तवा मी बघितला. काय न्हवतं हातात."

"मग मामा, सुई का घेतली नाहीत?"

मामांनी कट्ट्यावरच्या माणसांवरनं नजर फिरवली. "आवं, तुमी हितं चारचौघांत सांगितलासा, चोक हुता. आनि मीच दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेतली तर त्येचा अर्थ काय हुतो? माझ्या म्हशीच्या घशात तुमी हात घातलासा. गल्लीत तुमाला खोटं पाडू व्हय मी?"

माझी मान राखायला हा माणूस आपला जीव टांगून बसला होता. पाच दिवस. आणि मी त्यांना 'सहज एक सुई' सांगत होतो.

बायडाबाई आतून कडाडल्या, "झाली न्हवं खोटं पाडापाडी? उठा आता!"

मामांना गाडीवर मागं बसवलं. वाटेत म्हणाले, "सुई लई दुखती व्हय?"

"नाही."

"आता तरी खरं बोला की मेस्त्री."

"बोटात दिली तर दुखते. तळव्यात देतील तुम्हाला."

"थांबवा गाडी."

थांबवली नाही.

डॉक्टर सुष्मितांनी तळवे बघितले. खपल्या धरायला लागल्या होत्या. एक शब्द उणा बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "उशीर झाला म्हणून सोडायचं नसतं री, मामा. आलात ते बरं केलंत." साबण, नळ, सिरम, लस, सगळं तसंच. मामांनी आतून ठोकलेली आरोळी रस्त्यावर ऐकू गेली असेल. बाहेर येऊन मला म्हणाले, "मी वरडलो न्हाय. शेजारचा पेशंट हुता."

३ डिसेंबर, बुधवार

माझी तिसरी लस. पुढची आता नाताळच्या आदल्या दिवशी, मग सुटलो. सिस्टरच्या पंख्याचं बुश बदलून दिलं. पैसे घेतले नाहीत. आवाज गेला.

येताना जनावरांचे डॉक्टर वाटेत भेटले. नमस्कार केला. माणूस उद्धट नाही, घाईत असतो एवढंच.

कट्ट्यावर अजून 'फरसाण' म्हणून हाक मारतात. चार दिवस मारतील.

पूर्णिमा म्हणते, रिपोर्ट काही नाही असाच येणार, तुमचं एकदा तरी बरोबर निघू दे. हसत होती. पण आज तिनं दूध दोनदा उकळलं.

४ डिसेंबर, गुरुवार

दुकानात डॉक्टर सुष्मितांचा फोन आला. पुण्याचा रिपोर्ट – रेबीजच.

"मामांची आज दुसरी आहे," एवढंच पुढं म्हणाल्या. मीही एवढंच म्हणालो – हो.

फोन ठेवून हाताकडं बघत बसलो. बोटांची सूज उतरलीय.

मामांना अजून सांगितलेलं नाही. मी आणायला जायच्या आधीच ते येऊन माझ्या गाडीवर बसलेत, टोपी-बिपी घालून, नि हॉर्न वाजवतायत. थांबतच नाहीत. जातो.